नभोवीराचे सहा रविवार

सुपारी सोलायला माणसे बसली, की टोपलीत सुपारी कमी आणि अंगणात टरफले अधिक साठतात. आमच्या श्रीवर्धनच्या नाट्यमंडळाचेही तसेच. नाटके मोजकी झाली. किस्से मात्र अजून लोटून संपत नाहीत! त्यांतले हे काही, सगळे एकाच नाटकाचे. ‘नाटक’ हा शब्द मी नाइलाजाने योजतो. जे घडले त्याला शास्त्रात नाव नाही.

* * *

एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. आमचे हसनभाई बोटीवर खलाशी. त्यांची बोट एकदा परदेशी बंदरात सहा आठवडे दुरुस्तीला अडकली. तिथल्या खलाशांच्या क्लबात एक पेटी होती. तिला टेलिव्हिजन म्हणतात. तीत दर रविवारी पाठीला उपरण्यासारखे फडके बांधलेला एक वीर उडत येई, चोरांना बदडी आणि पुन्हा उडून जाई. ज्या कॉमिकातून हा वीर पेटीत आला, तेही हसनभाईंनी विकत आणले.

“मास्तर, सहा भाग पाह्यले. कसम सांगतो, आपणही सहा करू!”

मी शाळेत संस्कृत शिकवत असे, म्हणून संवादलेखन माझ्याकडे आले. मी वीराचे नाव ‘नभोवीर’ ठेवले आणि भूमिका महादूला दिली. तो पोफळीवर चढून सुपारी काढणारा गडी. चाळीस हात उंचीवर न घाबरता वावरणारा दुसरा नट मंडळात नव्हता.

अडचण एकच. महादूचे लग्न गावातल्या गोपाळमामांच्या मुलीशी, सुमनशी ठरत आले होते, आणि मामांनी बजावले होते, “तोंडाला रंग फासणाऱ्याला माझी पोर द्यायची न्हाय!”

“मास्तर, मला वळखलं तर लगीन मोडलं,” महादू म्हणाला.

सुदैवाने मूळ वीरही मुखवटा घालूनच हिंडत असे.

* * *

पहिली लढाई पोशाखावरून झाली. कॉमिकात उपरणे तांबडे, अंगरखा निळा. हसनभाई ऐकेनात.

“पुस्तक छापणाऱ्याला काय ठावं? मी सहा आठवडे पेटीत पाह्यलाय. माणूस राखाडी हाय! उपरणं राखाडी, चोर राखाडी, घरंसुद्धा राखाडी!”

प्रत्यक्ष प्रमाण सर्वांत श्रेष्ठ, हे वर्गात मीच शिकवत होतो. नभोवीर राखाडी झाला.

धोंडू शिंप्याची शंका निराळी होती. चित्र डोळ्यांजवळ नेऊन तो म्हणाला, “इजारीवरनं चड्डी? एवढा बलवान माणूस, आन् कपडे घालायला कुणी शिकवलं न्हाय?”

* * *

हसनभाईंच्या स्मरणशक्तीबद्दल मला नितांत आदर आहे. इंग्रजी मात्र त्यांना येत नव्हते.

“मारामारी ऐन रंगात येते,” ते सांगत, “वीर बांधलेला, खाली आग. तेवढ्यात एक बाई येते, साबणाची वडी दाखवते, हसते आणि जाते.”

“का?”

“ते मला काय ठावं? पण दर भागात येते. कुणी तरी मोठी बाई असणार!”

मी तीन दिवस विचार करून तिला वीराची थोरली बहीण केले. पोस्टमन बापूरावांनी त्या भूमिकेसाठी मिशा उतरवल्या. चौथ्या रविवारी ते तापाने आडवे झाले, तर प्रेक्षकांनी प्रयोगच अडवला: “साबणवाली आक्का आल्याबिगर चोराला हात लावायचा न्हाय!”

शेवटी बापूराव घोंगडी पांघरून आले, वडी दाखवली, शिंकले आणि गेले. मगच चोर पकडला गेला.

* * *

चोराला उद्देशून मी लिहिले होते: “तिष्ठ, दुरात्मन्! तुझा पापघट परिपूर्ण जाहला आहे!” दोरीवरून खाली झेपावताना महादू ओरडला, “थांब रं, मेल्या!”

टाळ्यांचा कडकडाट! मी त्याला पडद्यामागे गाठले. “मी लिहिलेले शब्द कुठे गेले?”

“मास्तर, तेवढं बोलेस्तोवर मी खाली पोचतो!”

दोष माझ्या शब्दांचा की गुरुत्वाकर्षणाचा, याचा निर्णय अद्याप लागलेला नाही.

* * *

सहा रविवार पालीच्या बल्लाळेश्वराला जाण्याचा नवस आहे, असे महादूने मामांना सांगून ठेवले होते. दर सोमवारी तो प्रसादाचे पेढे नेऊन देई. पाचव्या सोमवारी मामांनी पुडा उलटसुलट न्याहाळला.

“बल्लाळेश्वर पेढे आपल्याच हलवायाकडनं मागवतो जणू!”

मामा शांतपणे पेढा खात राहिले.

* * *

सहाव्या भागात हसनभाईंना दोरीविना उड्डाण हवे होते. आमच्याकडे सुपारी काढणारा झाडागणिक खाली उतरत नाही. पायांत काथ्याचा फास अडकवून तो शेंड्याशी पोचतो, पोफळ झुलवतो, शेजारची पकडतो आणि अशी आख्खी वाडी हवेतूनच फिरतो. म्हणून प्रयोग वाडीत ठेवला. वाडी नेमकी गोपाळमामांच्या राखणीतली! एके काळी त्यांच्यासारखा चढणारा पंचक्रोशीत नव्हता. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून ते झाडे खालूनच पाहत. त्या दिवशी मामा पहिल्या रांगेत, सुमन मागे बायकांत.

दुपारचे चार. नभोवीर शेंड्याशी पोचून झुलू लागला. एक झोका, दोन झोके. तिसऱ्याला उपरणे झावळीत अडकले, त्या हिसक्याने मुखवटा फिरला आणि त्याची भोके डोळ्यांवरून सरकून कानांशी गेली. शेजारची पोफळ हातभर दूर, आणि महादूला काहीच दिसेना! मुखवटा काढावा तर लग्न मोडणार. न काढावा तर मान.

त्याचा हात मुखवट्याकडे गेला नाही.

साबणवाली आक्का वडी छातीशी धरून उभी. मला एकही शब्द सुचेना, शुद्ध वा अशुद्ध.

गोपाळमामा गुडघ्यांवर हात रेटून उठले. शेंड्याकडे बघत त्यांनी आवाज टाकला,

“झाडाला डोळ्यांनी वळखतंय कोण? झोका मोजा! आन् डाव्या पायाचा फास आवळा, जावईबापू!”