मलेशियाच्या टीममधला कराडकर

वडील साखर कारखान्यात फिटर. कारखान्याची जीप मागून घेऊन आम्ही कराडहून सहार विमानतळावर आलो, तेव्हा जीपमध्ये सामान थोडं आणि माणसं फार होती. मामा, काका, शेजारचे देसाई, सगळेच जणू जपानला निघाले होते. वडिलांनी दारातच बजावलं, "कुणी विचारल्याशिवाय बोलायचं नाही." आईला ते पटलं नाही. "असं कसं? कुणाच्यात तरी राहा बाबा. एकटा जेवत जाऊ नकोस." मी हसलो. जपान सरकारची स्कॉलरशिप मिळाली होती, डोकं हवेत होतं. आत गेल्यावर मागं वळून पाहिलं तर बाकीचे हात हलवत होते आणि आई नुसती बघत होती.

ही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. आता नव्यानं आलेली पुण्याची मुलं टोकियोतल्या आमच्या ओजिमा वसाहतीच्या लिफ्टमध्ये बिनधास्त मराठी बोलतात, कोथिंबीर कुठं मिळते ते एकमेकांना सांगतात. मला त्यांचा हेवा वाटतो आणि थोडा रागही येतो. तेव्हा टोकियोशेजारच्या इचिकावातल्या आमच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या होस्टेलवर मराठी बोलणारा मी एकटाच. कोपऱ्यावरच्या कॉन्बिनीतून, म्हणजे रात्रंदिवस उघड्या असणाऱ्या दुकानातून, तयार भात आणायचा, त्यावर घरचं लोणचं घ्यायचं आणि भिंतीकडं तोंड करून जेवायचं, असा माझा पहिला महिना गेला.

मग एका संध्याकाळी मी सगळ्यांच्या सामाईक स्वयंपाकघरात लसणाची फोडणी देत होतो, तर एक उंच, काळा मुलगा आत आला आणि कढईवर वाकून म्हणाला, "काय आहे? मला पण दे." हा सेल्वम. इपोहचा, मूळ तमिळ घरातला मलेशियन. होस्टेलवर मलेशियाची बरीच मुलं होती, त्यांच्या सरकारनं इंजिनिअरिंग शिकायला पाठवलेली. त्या दिवसापासून मी आणि सेल्वम एकत्र जेवू लागलो. मी त्याच्यापेक्षा मोठा असूनही तो मला 'थंबी' म्हणायचा, म्हणजे धाकटा भाऊ. त्या मुलांना प्रत्येक वाक्याच्या शेपटाला 'ला' लावायची सवय. ती मलाही लागली आणि एकदा तर मी प्रोफेसरांनाच 'येस ला' म्हणून बसलो.

जपानभर विखुरलेल्या या मलेशियन विद्यार्थ्यांच्या दरवर्षी क्रीडास्पर्धा होत. कुठल्याशा गावातलं स्टेडियम घ्यायचे आणि तीन दिवस तिथं नुसता गोंगाट, सांबालच्या तिखट चटणीचा वास, गाणी. जपानमध्ये आम्ही सगळेच हळू बोलायला शिकलो होतो. तिथं कुणीच हळू बोलत नसे. पहिल्या वर्षी मी भात वाढायला म्हणून गेलो आणि कितीतरी दिवस त्याच धुंदीत राहिलो. आई म्हणाली होती तसा मी कुणाच्यात तरी राहत होतो.

पुढच्या वर्षी आमच्या होस्टेलच्या व्हॉलीबॉल टीमचा सेटर शिक्षण सोडून मायदेशी गेला. सेटर म्हणजे जाळ्याजवळ उभा राहून दुसऱ्याच्या स्मॅशसाठी चेंडू उचलून देणारा. कारखान्याच्या कॉलनीत मी शाळेपासून तेच केलं होतं. सेल्वम कॅप्टन. तो म्हणाला, "तू खेळ."

"अरे, मी भारतीय. चालेल का?"

"कमिटीला विचारतो."

दोन-तीन दिवसांनी जेवताना त्यानं सांगितलं, "विचारलं. पाहुणा खेळाडू चालतो म्हणाले ला."

मी विश्वास ठेवला. का नसता ठेवला? एका कढईतलं खात होतो आम्ही. तो अख्खा उन्हाळा आम्ही नगरपालिकेच्या जिममध्ये घाम गाळला. सेल्वमला चेंडू किती उंच हवा, ते त्याच्या पहिल्या पावलावरून मला कळायला लागलं. पिवळी जर्सी मिळाली त्या दिवशी मी ती खोलीत आरशापुढं दोनदा घालून पाहिली. घरी फोन केला, तर आई कॉलनीभर सांगत सुटली, "आमचा दिलीप तिकडं टीममध्ये आहे."

सेमीफायनलचा पहिला सेट आम्ही जिंकला. समोरच्या टीममधला एक जण पंचाकडं गेला आणि माझ्याकडं बोट दाखवून काहीतरी बोलला. कमिटीचा माणूस आला. तोही विद्यार्थीच, गळ्यात शिट्टी, बोलायला सभ्य. त्यानं मला नाही, सेल्वमला विचारलं, "हा कोण?"

मी अगदी निवांत होतो. परवानगी काढलेली होती. सेल्वम तसं सांगेल आणि खेळ पुढं सुरू होईल.

सेल्वम बुटांच्या नाड्यांकडं बघत म्हणाला, "आमच्या होस्टेलवर राहतो. त्याची खेळायची फार इच्छा होती. आम्हाला वाटलं, त्यानं तुम्हाला विचारलं असेल."

इंग्रजीत बोलला, त्यामुळं शब्दन् शब्द कळला. खोटं बोलतोय हा, म्हणून ओरडलो असतो तर त्या सगळ्यांत माझ्या बाजूनं बोलायला कोण होतं? कमिटीवाल्यानं दोनदा सॉरी म्हटलं आणि जर्सी काढून मागितली. ती राखीव मुलाला हवी होती. भरल्या हॉलमध्ये मी बनियनवर उभा राहिलो. बाकीच्या पाचांपैकी एकानंही वर पाहिलं नाही.

सामना पहिल्यापासून खेळवला. ते जिंकले, फायनलही जिंकले. परतीची बस त्यांचीच, म्हणून मी गॅलरीत बसून सगळं पाहिलं. बक्षीस मिळाल्यावर सेल्वमनं खालून हात हलवला. मला वाटलं, बोलावतोय. धावत खाली गेलो. त्यानं माझ्या हातात कॅमेरा दिला. "थंबी, एक फोटो काढ ना."

काढला. सगळ्यांची डोकी नीट आली. फोटो इतका चांगला निघाला याचाच मला आजवर राग आहे.

बसमध्ये तो माझ्या शेजारी येऊन बसला. कमिटीला त्यानं कधी विचारलंच नव्हतं. "तू उद्या तुझ्या देशात जाशील," तो म्हणाला. "मला यांच्यातच परत जायचंय. आमच्या तमिळ लोकांना तिथं आधीच हजार प्रश्न विचारतात. तुला नाही कळणार."

मला कळलं होतं. पण कळलं म्हणून दुखायचं थांबत नाही. त्यानं माझ्यावर ढकललं नसतं आणि नुसतं 'चूक झाली' म्हटलं असतं, तरी मी हसत बाहेर बसलो असतो. त्या आठवड्यात फोनवर आईनं विचारलं, "जिंकलात का रे?" मी "जिंकलो" म्हणालो आणि कार्ड संपलं सांगून फोन ठेवला. नंतर होस्टेल सोडेपर्यंत मी माझी कढई खोलीत ठेवत असे.

मी देशात परत गेलो नाही. नोकरी इथंच लागली, लग्न झालं, ओजिमात घर मिळालं. दशक संपता संपता सेल्वम कंपनीच्या कामानं टोकियोला आला, कुठून तरी नंबर मिळवला आणि जेवायला आला. थोडा सुटला होता. हातानं कालवून आमटी-भात खाता खाता विद्याला म्हणाला, "तुमचा नवरा आमच्या टीमचा सेटर. त्याच्यासारखा पुन्हा मिळाला नाही."

विद्या खूश झाली. "अहो, हे कधी सांगितलं नाहीत!"

जे वाक्य ऐकायला मी भरल्या हॉलमध्ये ताटकळलो होतो, ते त्यानं माझ्या स्वयंपाकघरात, कुणी विचारलेलं नसताना म्हटलं. मी त्याला आणखी भात वाढला.

तेवढ्यात आमची मुलगी झोपेतून उठून आली. पाळणाघरात दिवसभर जपानीच, त्यामुळं घरीही तेच तोंडात. दारात उभी राहून तिनं मला विचारलं, "कोनो हितो, दारे?" हा माणूस कोण?

सेल्वमला जपानी येतं. त्याचा घास हातातच राहिला.

घर कुठलं, असं मला इथले आणि तिकडचे दोघंही विचारतात. कराडचं म्हणावं तर तिथं आता मी जपानचा आहे. मला एवढंच समजलंय की आपल्याविषयी 'हा कोण' म्हणून कुणी विचारलं आणि आपल्या माणसानं जराही न थांबता उत्तर दिलं, तर ते घर.

"बाबांचा मित्र," मी म्हणालो. पण लगेच म्हणालो नाही, आणि ते सेल्वमला कळलं.