तपासणीतून वगळलेली फाइल

माझा स्वभाव तापट आहे, मारुंजीच्या आमच्या ऑफिसात कुणालाही विचारा. दुसऱ्याची चूक दिसली की जीभ आवरत नाही. स्वतःची दिसली की मात्र ती छान आवरते, हे मला त्या आठवड्यात कळलं.

दवाखान्यात सलाइनमधून औषध थेंबथेंब सोडणारा पंप असतो ना, त्याचं सॉफ्टवेअर आम्ही लिहितो. चाचणीत तो पंप मधूनच दोन सेकंद थांबायला लागला. पेशंटला अजून लावलेला नव्हता, नशीब! साहेबांनी शेवटचा कोड कुणी घातला ते पाहिलं आणि टीममधल्या नव्या मुलीकडे बोट दाखवलं. भरे गावाजवळच्या मेंढपाळाच्या घरातली ती, शिकून इथवर आलेली. तिला नोकरीत कायम करायचं की नाही, ते शुक्रवारी ठरणार होतं. "तिचीच चूक असणार," असं मीही म्हणाले होते. खोटं कशाला बोलू?

शोधायला आम्ही दोघी बसलो. कोड कंपाइल करतानाच, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरवतानाच, मी प्रत्येक फंक्शनच्या, कोडच्या प्रत्येक तुकड्याच्या, तोंडाशी नोंद करणारी ओळ घातली. झालं! पंप थांबायचाच बंद. नोंदींच्या ओझ्याने सगळंच मंदावलं आणि ती अडचण जुळूनच येईना. मग उलट केलं. कोड जसाच्या तसा ठेवला आणि चालू पंपाला बाहेरून तपासणीचं टूल जोडलं. आता पंप थांबायचा, पण कुठे ते दिसेना, कारण कंपाइलरने छोटी फंक्शनं मोठ्यांच्या पोटात घालून टाकलेली. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! मी कीबोर्ड आपटला.

"ताई, एक बोलू?" माझ्यापुढे ती गावचंच बोलायची. "समद्या कोकरांच्या गळ्यात घंटा बांधली तर कळप चरंल व्हय? आमचे आबा कोकरू जन्मलं की कानाला नुसती खूण करत्यात. घंटा मागनं, जे वाट सोडतंय त्याच्याच गळ्यात."

मी तिच्याकडे बघतच राहिले. दोन्ही एकत्र! कंपाइल करताना प्रत्येक फंक्शनच्या सुरुवातीला फक्त रिकामी जागा सोडायची, आणि पंप चालू असताना जिथे संशय येईल तेवढ्याच जागी नोंद सुरू करायची. रिकाम्या जागेचं ओझं ते काय असणार.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीआधी पंप थांबला आणि आम्हाला नोंदी मिळाल्या. पण त्यांत मधेच दोन सेकंदांचं भोक. अलीकडे नोंद, पलीकडे नोंद, मधे काहीच नाही. तिने यादी खालीवर केली आणि हळूच म्हणाली, "ताई, या फाइलीत जागाच सोडली न्हाई."

माझी फाइल होती ती. कित्येक वर्षांपूर्वी लिहिलेली. घरचंच आहे, त्याला काय तपासायचं, म्हणून मीच ती तपासणीतून वगळली होती. तिथे जागा सोडून पुन्हा कंपाइल केलं, पंप चालवला, आणि उत्तर लगेच समोर आलं. माझा कोड मेमरीत नोंद लिहीपर्यंत बाकीच्यांना अडवणारं कुलूप धरून बसत होता आणि पंप दाराशी ताटकळत होता. तिच्या कोडचा काडीचाही संबंध नव्हता.

शुक्रवारी साहेबांनी विचारलं, "मग चूक कोणाची?"

मी तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते हे: "आमच्या दोघींच्या कोडमध्ये थोडं थोडं."

तिने माझ्याकडे पाहिलं. साहेबांनी तिचं प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढवलं. मला 'चांगलं शोधलंत' म्हणाले. लाज वाटली हो, अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपारी कॅन्टीनमध्ये मी तिच्यासमोर जाऊन बसले. "तू का नाही बोललीस गं?"

"बोलता आलं असतं की. नोंदी माझ्याकडंच हायेत." तिने डबा बंद केला. "पण तुमी बोलताय का, त्याची वाट बघत हुते."

मी तशीच उठले, साहेबांच्या केबिनचं दार ढकललं आणि सगळं सांगितलं, या खेपेला फक्त माझंच. साहेब चिडले, मला नको नको ते बोलले. सोमवारी तिला कायम केल्याचं पत्र मिळालं. त्याच दिवशी तिने दुसऱ्या टीममध्ये जाण्याचा अर्ज दिला.