शिपायांना वळख

किडनीच्या बायॉप्सीचा रिपोर्ट तुमच्या हातात पडला, तर त्यातलं तुम्हाला किती कळेल? माझ्या आत्याला त्यातला एकच शब्द कळला, आणि तोही चुकीचा.

आष्ट्याच्या या आत्याला सगळे 'का-आत्या' म्हणत. इंजेक्शन दंडातच का, डॉक्टरांची सही वाचता का येत नाही, प्रत्येक गोष्टीचं कारण तिला हवं असे. धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या बाबांना, किडनी द्यायची वेळ आली तेव्हा मात्र तिनं 'का' विचारलं नाही. "दर भाऊबीजेला लुगडं घेती त्याच्याकडनं. एकदा म्या दिलं तर काय बिघडलं?" एवढंच म्हणाली.

किडनी बसवल्यावर दीड वर्षानं बाबांचे पाय सुजले. पलूसहून त्यांना सांगलीच्या दवाखान्यात नेलं. तिथं सुईनं आत्याच्या किडनीचा शेवईएवढा तुकडा तपासायला काढला. रिपोर्ट मी मोठ्यानं वाचला: रिजेक्शन. बाबा फौजेतले. आमच्याकडं हा शब्द भरतीच्या मैदानातला. छाती भरली नाही की पोरगा रिजेक्ट. आत्याचा चेहरा उतरला. "माजी किडनी नापास केली व्हय रं त्यानं?" ती बाबांशी बोलेना.

पण गप्प बसेल ती आत्या कसली? तडक प्रयोगशाळेत गेली. "आवं डॉक्टरीणबाई, त्यो तुकडा दावा मला." बाई हसल्या, पण त्यांनी तिला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. गुलाबी जाळी, आणि तिच्यात निळ्या ठिपक्यांची गर्दी.

"ह्ये निळं काय?"

"तुमच्या भावाच्या रक्तातले शिपाई. तुमची किडनी परकी समजून तिच्यावर तुटून पडलेत. एरवी रोजची गोळी त्यांना आवरून धरते. औषधानं मागं हटतील. पण जिथं व्रण झालाय, तो भाग परत येत नाही."

"मग आत्ताच का उठलं ह्ये?"

हे 'का' आम्हा कुणाला सुचलंच नव्हतं. आत्यानं बाबांच्या खाटेशी येऊन तेच विचारलं. बाबांनी मान खाली घातली. "संध्याकाळची गोळी सोडली हुती, आक्का. लय ठणठणीत वाटत हुतं."

"आरं येड्या, ती गोळीच तुज्या शिपायांना माजी वळख देत हुती की!"

तीन दिवस सलाइनमधून औषध गेलं. सूज उतरली. व्रण तेवढा राहिला. निघताना आत्या माझ्याकडं वळली. "गावभर आरोग्याची पत्रकं वाटतोस. मग ह्या रिपोर्टाचं एक पान मराठीत का न्हाई रं?" लोकांना अडाणी म्हणणं सोपं असतं. त्यांच्या शरीराचा निकाल त्यांच्या भाषेत सांगायला कष्ट पडतात.

गेल्या वर्षी आत्या झोपेतच गेली. तिची किडनी बाबांच्या पोटात अजून काम करते आहे. गोळी घेताना ते पोटावर हात ठेवतात आणि म्हणतात, "आक्का हाय रं, वळख ठेवा."

तुमच्या घरात असा रिपोर्ट आला, तर डॉक्टरांना सांगा, मराठीत समजावा. आणि 'का' विचारून होईपर्यंत खुर्चीवरून उठू नका.