दोन कानांचा हेडफोन

हे आजवर कुणाला ऐकू जाईल असं मी बोललेलो नाही — बायकोपाशी नाही, देवापाशी नाही, दोन-चारदा दारू प्यालो तेव्हाही नाही. मग तुम्हाला का लिहितोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखणाऱ्यांना माझ्याविषयी भलतंच काहीतरी ठाऊक आहे. अकोल्यात मी मास्तर आहे. सभा असली की कुणीतरी उठून सांगतं, या माणसानं मित्रासाठी सख्ख्या चुलत्याला तुरुंगात धाडलं. टाळ्या पडतात. मी मान खाली घालतो आणि लोक त्याला विनय समजतात.

माझा हात वाईट आहे, हे आधीच सांगून टाकतो. तोंडात शब्द येण्याआधी हात उठतो. वर्गातल्या पोरांना विचारा. बैलांना बडवलंय, चुलतभावाचा दात पाडलाय, एकदा घसरली म्हणून शिडीलाही लाथा घातल्या — हसू नका, पाय आठवडाभर सुजला होता. पण ज्याला मारलं त्याच्या समोर उभं राहून मारलं. एकदाच तसं झालं नाही. त्या एकदाचंच सांगायचंय — आणि बघा, अजून भलतीकडेच फिरतोय.

आमचं गाव नांदगाव खंडेश्वरच्या बाजूला. वडील लवकर गेले, म्हणून मी मोठेबाबांच्या, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाच्या घरात वाढलो. सुखदेव माझ्या वर्गातला. त्याच्या वस्तीनं बुद्धधर्म घेतल्याला दोन-तीन वर्षं झाली होती. मेलेली ढोरं ओढणं त्या लोकांनी बंद केलं होतं, आणि आमचा एक बैल मेला तेव्हा मोठेबाबांना स्वतःच्या हातांनी त्याच्या पायाला दोर बांधावा लागला होता. तेव्हापासून ते धुमसत होते. वस्तीतला कुणी ताठ चालताना दिसला तरी त्यांचे दात एकमेकांवर घासायचे.

सुखदेवनं आणि मी मिळून एका व्हॉल्व्हचा रेडिओ जोडला होता. भोंगा नव्हता, कानाला लावूनच ऐकायचा. त्यासाठी हेडफोन घ्यायला आम्ही अमरावतीला गेलो. लष्कराचं मोडीत निघालेलं सामान विकणाऱ्या एका दुकानदारानं दोन नग पुढे टाकले. एक हलका, एकाच कानाचा, तारेच्या आकड्यानं कानामागे अडकवायचा. दुसरा दोन कानांचा — वर पोलादी पट्टी, खाली लोखंडी वाट्या. डोक्यावर चढवला की मानच खाली जाई. दुकानदारानं सेलला तार टेकवून दोन्हींतून खट्ट आवाज काढून दाखवला. मी हलका उचलला. रोज वापरायचा तर हलका बरा, असं म्हणालो. ते खोटं होतं. दोन कान आले म्हणजे दुसरं डोकं आलं, आणि सुखदेवचं डोकं माझ्या डोक्याला टेकलेलं गावात कुणी पाहिलं असतं तर?

सुखदेवला ते तिथल्या तिथे कळलं. असल्या गोष्टी त्याला लगेच कळत. तो दुकानातच भांडला. ‘एक कान तुया, एक माया. तसा नसंन तं घेऊच नको बाप्पा.’ आम्ही जड हेडफोन घेऊन परत आलो, आणि एसटीत तो माझ्या शेजारची जागा सोडून पुढच्या बाकावर जाऊन बसला.

रेडिओ आमच्या गोठ्यात असे, कारण एरियलची तार गोठ्यामागच्या कडुलिंबावर बांधली होती. मोठेबाबा शेतात असले की सुखदेव मागच्या बाजूनं यायचा. पोलादी पट्टी ताणून एक वाटी त्याच्या कानाला, एक माझ्या. क्रिकेटचं धावतं वर्णन लागलं की तो माझ्या मांडीवर बुक्क्या मारायचा. मी उलट मारायचो. आमची मैत्री अशीच होती, निम्मी मारामारीची. मला तो फार आवडायचा. हे आता लिहायला सोपं वाटतं, तेव्हा मात्र मी ते कुणालाही दिसू दिलं नसतं.

मान अवघडली की आम्ही हेडफोन रिकाम्या बादलीत ठेवायचो. आवाज घुमून मोठा होई आणि दोघांना सुटं बसून ऐकता येई. त्या दुपारी मला आणखी मोठा आवाज हवा होता. आत पाण्याच्या ओट्यावर पितळेचा गुंड घासायला रिकामा करून ठेवला होता — घरच्या पिण्याच्या पाण्याचा. मी तो उचलून आणला. मीच आणला, हे नीट लक्षात घ्या. सुखदेव म्हणाला, ‘हा नको गड्या, घरात ठेवून ये.’ मी म्हणालो, ‘कोन पायते?’

आवाज खरंच छान आला. सुखदेवनं गुंडाला दोन्ही हातांनी मिठी मारली, तोंडाशी गाल टेकवला, डोळे मिटले. मोठेबाबा शेतातून लवकर परतले आणि त्यांना दिसलं ते एवढंच — आपल्या घरचं पाणी ज्यात भरतात त्या गुंडाला मिठी मारून बसलेला सुखदेव.

त्यांच्या हातात तुतारी होती, बैल हाकायची, टोकाला खिळा मारलेली काठी. पहिला वार पाठीवर बसला. सदरा फाटला आणि आतून लाल रेघ उमटली. दुसरा खांद्यावर. तिसरा चुकला आणि गुंडावर आदळला, तो ठणाणा मला अजून ऐकू येतो. सुखदेव ओरडला, ‘कावून मारता? म्या केलं काय?’ मोठेबाबा थांबले, माझ्याकडे वळले आणि विचारलं, ‘गुंड कोनं आनला?’

मी म्हणालो, ‘यानं.’

इथेच थांबलो असतो तरी पुरेसं पाप होतं, नाही का? भित्रा पोरगा खोटं बोलला, इतकंच झालं असतं. तुम्हीही कधी बोलला असाल. पण मी थांबलो नाही.

सुखदेवनं तुतारी हिसकावली, गुडघ्यावर आपटून मोडली आणि मोठेबाबांच्या छातीला असा धक्का दिला की ते कडब्यात उताणे पडले. मग माझ्यासमोर आला. मला वाटलं, मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, ‘थो तुया मोठाबाप निदान उघड मारते. तू भेकड हायेस.’ आणि पाठ फिरवून निघाला.

एकेक शब्द खरा होता. तो खोटं बोलला असता तर मी कदाचित नुसता रडलो असतो. पण त्यानं खरं सांगितलं आणि ते मोठेबाबांनी ऐकलं. मी गुंडात हात घातला, हेडफोन बाहेर ओढला, त्याची वायर मुठीला गुंडाळली आणि सगळा जीव एकवटून, पाठीमागून, फिरवून मारला. दोन्ही लोखंडी वाट्या त्याच्या डाव्या कानावर बसल्या.

मडकं फुटावं तसा आवाज झाला. तो तोंडावर शेणात पडला. कानातून रक्त आलं, मानेवरून खाली, काळंभोर. आणि मला बरं वाटलं. क्षणभरच, पण अगदी पोटातून बरं वाटलं.

त्याला काही दिसलं नव्हतं. मागे दोघं होतो, मी आणि कडब्यातून उठलेले मोठेबाबा. मी हेडफोन कडब्यात खुपसला. बैलगाडी जुंपली, त्याला अमरावतीच्या दवाखान्यात नेलं. वाटेत तो शुद्धीवर आला आणि कण्हत म्हणाला, ‘मारलंच शेवटी बुढ्ढ्यानं.’ मी म्हणालो, ‘हो.’

त्याची आई दवाखान्यात आली. माझ्या सदऱ्यावर तिच्या लेकाचं रक्त होतं. तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. ‘बाबू, तू होता म्हनून माहा लेक वाचला.’ मी तिचे हात बाजूला केले नाहीत. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डाव्या कानानं आता ऐकू येणार नाही. तिकडे घरी बायकांनी तो गुंड गोवऱ्यांच्या विस्तवात घालून शुद्ध करून घेतला. परतल्यावर मी त्याच गुंडातलं पाणी प्यालो.

खटला झाला. मी उभा राहून सांगितलं की मोठेबाबांनी मारलं, पाठीवर आणि कानावर. मोठेबाबांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. पाठीवरचे वार त्यांचे होते आणि त्यांचं त्यांना काडीचं वाईट वाटत नव्हतं. उलट पारावर बसून सांगायचे. कानाबद्दल विचारलं तेव्हा ते म्हणाले, ‘म्याच मारलं.’ का म्हणाले? मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. तुरुंगातून सुटून आल्यावर ते जगले तोवर माझ्याशी बोलले नाहीत, आणि सुखदेवच्या वस्तीचा द्वेषही त्यांनी कमी केला नाही.

मी घर सोडलं, अकोल्यात नोकरी धरली. सुखदेवही अकोल्यात सरकारी कचेरीत लागला. माझ्या लग्नात तो माझ्यापेक्षा जास्त नाचला. रस्त्यानं जाताना मी नेहमी त्याच्या उजव्या अंगाला चालतो, म्हणजे त्याला ऐकू येतं. लोक म्हणतात, किती जपतो.

गेल्या महिन्यात मोठेबाबा वारले. त्यानंतर आठवडाभरानं सुखदेव ट्रान्झिस्टर घ्यायला मला बाजारात घेऊन गेला. कचेरीत येता-जाता, घरी पोरं झोपल्यावर, रोज ऐकायचा होता. दुकानदारानं विचारलं, कानात घालायचं एकच बोंडूक हवं की डोक्यावरचा दोन कानांचा हेडफोन? सुखदेव खो-खो हसला. ‘माहं एकातच भागते.’ बोंडूक उजव्या कानात घातलं, आवाज कमीजास्त करून पाहिला, लहान पोरासारखा खूश झाला.

बाहेर पडल्यावर त्यानं बोंडूक कानातून काढून खिशात ठेवलं. मग म्हणाला, ‘तुया मोठ्याबापाले म्या माफ केलं. लय वर्सं त्याचा गळा दाबाचं सपन पडे मले. उठलो का हात दुखत. आता मेला बिचारा. तुले सांगाचं होतं, तुया घरचा मानूस होता म्हनून.’ त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. एवढी माफी त्यानं किती वर्षं झगडून कमावली असेल — आणि ती भलत्याच माणसाच्या नावे देऊन तो मोकळा झाला होता.

मी चालता चालता बाजू बदलली. त्याच्या डाव्या अंगाला गेलो. आणि म्हणालो, ‘सुखदेव, तुझा कान मी फोडला. मोठेबाबांनी नाही, मी.’

रस्त्यात गर्दी होती, टांगे होते. तो पुढे पाहत चालला होता. चार पावलांवर त्याला जाणवलं की मी उजवीकडे नाही. तो सगळा वळला, उजवा कान माझ्याकडे केला आणि म्हणाला, ‘काई म्हनलं काय बे?’

मी म्हणालो, ‘काही नाही. चहा घेऊ.’

आवाज मी मुद्दाम लहान ठेवला होता. बाजूही मुद्दाम निवडली होती.