मैनाचा कावळा

पंचवटीतल्या खंडेराव भाजीवाल्याची मैना नववीत गेली तेव्हा गल्लीभर तिचं कौतुक चालायचं. पोरगी कशी कामाची! बाप, चुलता, तिघे भाऊ आणि गोदाकाठी दिवसभर भाजी विकून संध्याकाळी थकून येणारी आई साळूबाई, एवढ्यांच्या भाकऱ्या मैना एकटी थापायची. असल्या कौतुकात एक खोड असते. ते एकदा गळ्यात पडलं की उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नाही.

सत्त्याहत्तर साली तिच्या शाळेत लताबाई पगारे खेळाच्या बाई म्हणून आल्या. मनमाडच्या रेल्वे कामगाराची मुलगी, आवाज खणखणीत, गळ्यात शिट्टी. तोवर मुलींचा खेळाचा तास म्हणजे निंबाखाली बसून भरतकाम. लताबाईंनी सुया-दोरे गोळा करून कपाटात कोंबले आणि चुन्याने खो-खोचं मैदान आखलं. त्यावर मैना पळाली. खांबाला हात घालून ती अशी गर्रकन वळली की बाई शिट्टी वाजवायला विसरल्या.

पण सराव शाळा सुटल्यावर असायचा, आणि शाळा सुटली की चूल. लताबाई स्वतः घरी आल्या.

"मैनाच्या आई, रोज एक तास तिला सोडा. पोरीच्या पायांत वारं भरलंय."

"भरलं आसंल बाई," साळूबाई म्हणाली, "पर वाऱ्यावर भाकरी नाय भाजत."

तिचंही काही चुकत नव्हतं. मैना मात्र त्या दिवसापासून घुसमटली. तवा तापायचा आणि तिकडे मैदानावरची शिट्टी घरापर्यंत ऐकू यायची.

वाट सापडली ती कावळ्यामुळे. त्या घरात बाईला कावळा शिवला की ती चार दिवस बाजूला. मागच्या पडवीत गोणपाट, वेगळं ताट, वेगळा तांब्या. चुलीला हात लावायचा नाही, पाण्याच्या हंड्याला नाही. बाकीच्या पोरी या दिवसांना विटायच्या. मैना एकदा अशीच गोणपाटावर बसली होती. समोर मागचं दार सताड उघडं होतं, आणि तिच्या ध्यानात आलं की आज आपल्याला कुणी हाकच मारणार नाही. ती उठली आणि थेट मैदानावर गेली.

लताबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "दुखत असेल तर बस, नाहीतर पळ," एवढंच त्या म्हणाल्या. विटाळात पोरगी मोकळी आणि एरवी डांबलेली, असा हा उफराटा न्याय!

पण महिन्यातल्या चार दिवसांच्या सरावावर संघात कोण घेणार? चांदवडचे सामने जवळ आले, तसा मैनाला कावळा महिन्यातून दोनदा शिवू लागला. खोटं बोलताना आपली जीभ जराही अडखळत नाही, याचीच तिला भीती वाटायची. बाजारातून आलेली आई मुकाट चुलीपुढे बसायची. पडवीत भाकऱ्या थापल्याचा आवाज यायचा आणि मैनाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तरी दुसऱ्या दिवशी ती मागचं दार गाठायचीच.

साळूबाईला संशय आला असता तर बरं झालं असतं. तिला काळजी लागली. तिने शेजारच्या भागीबाईला विचारलं. भागीबाईची मुलगी संघातच राखीव खेळाडू होती, त्यामुळे मैना खेळते हे तिला ठाऊक होतं.

"अगं, खो-खोनंच झालं हे! पळून पळून ओटीपोट हललंय पोरीचं."

साळूबाई ओरडली नाही. आजारी पोरीवर कोण ओरडतं? पण बातमी गल्लोगल्ली गेली आणि आयांनी एकेक करून मुलींना घरी बसवलं. आखलेल्या मैदानावर लताबाई एकट्याच उभ्या राहायच्या.

"खरंच काही होतंय का तुला?" त्यांनी मैनाला विचारलं. मैनाने मान खाली घातली. बाई काय ते समजल्या.

"मी घरी सांगणार नाही. पण चांदवडला न्यायला आता संघच उरला नाही."

मैना पुरती अडकली. खरं बोलली तर तिचं मैदान जाणार होतं. गप्प राहिली तर सगळ्यांचंच.

त्या संध्याकाळी ती आईपुढे बसली. "आई, मला काही झालेलं नाही. दर महिन्याचा दुसरा कावळा खोटा होता."

साळूबाईने हात उगारला नाही. चटके बसलेल्या आपल्या बोटांकडे ती बघत राहिली. मग उठली, पडवीतलं गोणपाट गुंडाळून माळ्यावर फेकलं आणि मागच्या दाराला कडी घातली.

"आजपासून या घरात कुणी बाजूला बसायचं नाय. कावळा खरा शिवला तरी चुलीपुढंच बसायचं."

"आणि देव?"

"देवाचं मी बघते."

पोरीला काही झालेलं नाही, हे साळूबाईने स्वतः दारोदार जाऊन सांगितलं. मुली परत आल्या. संघ चांदवडला गेला आणि जिंकून आला. मैनाच्या जागी भागीबाईची मुलगी खेळली.

दोन वर्षांनी महिला मंडळाच्या बायका जुन्या चालीरीतींवर बोलायला गल्लीत आल्या. खंडेरावांच्या घरी बाजूला बसणं कधीच बंद झालंय, हे ऐकून त्या थक्क झाल्या. त्यांनी साळूबाईला नारळ दिला, सुधारलेल्या विचारांची म्हणून तिला नावाजलं. मग त्यातली एक स्वयंपाकघरात डोकावली.

"काय गं, किती मोकळं वाटत असेल ना तुला?"

शाळा नुकतीच सुटली होती. कडी घातलेल्या दारापलीकडून लताबाईंची शिट्टी ऐकू येत होती.

"हो," मैना म्हणाली आणि तिने तव्यावरची भाकरी उलटली.