चौथ्या पटाची बरोबरी

मोहऱ्याला हात लावण्याआधी तो उजव्या हाताची बोटं शर्टाच्या टोकाला पुसायचा. प्रत्येक चालीला. सातपूरच्या कारखान्यात लेथवर पहिली पाळी करून, बस बदलून तो पंचवटीतल्या आमच्या बुद्धिबळ क्लबात यायचा. हात साबणानं धुतलेले असायचे, तरी पुसायचाच. "क्लबाचा सेट आहे, कॅप्टन. तेल लागायला नको."

कॅप्टन म्हणजे मी. बँकेत कारकून, पण क्लबात पहिला पट, त्यामुळे तोरा विचारू नका. तो चौथ्या, म्हणजे शेवटच्या पटावर खेळायचा. आम्ही त्याला कधी नावानं हाकच मारली नाही. "या चौथा पट, चहा सांगा बघू," असं म्हणायचो. तो हसायचा आणि खरंच चहा सांगून यायचा. आता आठवलं की लाज वाटते.

एकदा सेटमधलं एक काळं प्यादं हरवलं. महिनाभर आम्ही त्या जागी बाटलीचं बूच ठेवून खेळलो. त्यानं लेथवर पितळेचं प्यादं काढून आणलं, वर काळा रंग दिलेलं. "जरा वजन जास्त झालंय," म्हणाला, मोठी चूक झाल्यासारखं तोंड करून.

कारखान्यात तो सात वर्षं टेम्पररी होता. साहेबानं सांगितलं होतं, जिल्ह्याच्या संघातून खेळून दाखव, खेळाडू म्हणून कायम करतो. हे त्यानं फक्त मला सांगितलं होतं. त्या साली शहरातल्या क्लबांची सांघिक स्पर्धा होती, पाच फेऱ्यांची. प्रत्येक क्लबातून सर्वांत जास्त गुणांचा एक जण जिल्हा संघात जाणार होता. गुण सारखे झाले तर वरच्या पटाला मान. चार फेऱ्या झाल्या तेव्हा त्याचे चार गुण होते. माझेही चार.

शेवटच्या संध्याकाळी माझा डाव बरोबरीत सुटला. दुसऱ्या पटानं जिंकलं, तिसऱ्यानं बरोबरी केली. आम्ही दोन-एकनं पुढे. चौथ्या पटावर अर्धा गुण मिळाला की स्पर्धेची ढाल आमची. त्याच्यासमोर एक वकील बसले होते, त्यांचा राजा पार कोपऱ्यात अडकलेला. त्यांनी बरोबरी मागितली.

सांघिक सामन्यात पद्धत अशी, की बरोबरी घ्यायची का ते खेळाडू कॅप्टनला विचारतो. कॅप्टननं डाव बघायचा नाही, संघाचे गुण बघून सांगायचं. त्यानं मान वर केली. "कॅप्टन, घेऊ?"

मी डाव बघितला होता. चांगला बघितला होता. तो जिंकला तर त्याचे पाच, माझे साडेचार. बरोबरी घेतली तर दोघांचे साडेचार, आणि मी वरचा पट.

"घ्या," मी म्हणालो. "ढाल महत्त्वाची."

हलकटपणा केला मी. त्याला दुसरा शब्द नाही.

 त्यानं बोटं पुसली आणि वकिलांशी हात मिळवला. ढाल आली, फोटो निघाला. जिल्ह्याकडून मी गेलो आणि पहिल्याच फेरीत आपटलो. दिवाळीनंतर कारखान्यानं त्याला टेम्पररींना देतात तसा कामावरून ब्रेक दिला, तो कायमचाच. मग तो क्लबात आला नाही. "चौथा पट कुठं असतो हो हल्ली?" असं कुणी विचारलं, की मी मोहरे मांडायला घ्यायचो.

दहाएक वर्षांनी तो सातपूरच्या बसस्टॉपवर भेटला. अंगावर वॉचमनचा गणवेश होता. इकडचं तिकडचं बोलून झालं. शेवटी मला राहवेना.

"तो डाव तुम्ही जिंकत होतात," मी म्हणालो.

"चार चालींत मात होती, कॅप्टन." आवाज तोच, शांत. "तुम्हीपण मोजल्या होत्या. तुमचे ओठ हलत होते."

"मग बरोबरी घेतलीत कशाला?"

"कॅप्टनला विचारलं होतं ना."

बस आली. मी हात पुढे केला. त्यानं तो मिळवला, आणि पायरी चढताना उजव्या हाताची बोटं शर्टाच्या टोकाला पुसली.