खेकड्याचे नाणे

खुर्सीपारच्या बाजारात मासे विकणाऱ्या बाईंना मी खोटे नाणे देऊन फसवले, असे आमच्या वैशाली नगरात सांगतात. ते साफ असत्य आहे. नाणे खरे होते. फक्त आइसलँडचे होते. पुतण्याने प्रवासातून आणलेले ते खेकड्याचे चित्र असलेले पिवळे नाणे आपल्या पाचच्या नाण्याएवढेच असल्यामुळे सुट्ट्या पैशांत चुकून गेले.

दुसऱ्याच दिवशी मी पाच रुपये घेऊन ते बदलायला गेलो. बाईंनी कमरेच्या बटव्यातून नाणे काढले, पदराने पुसले आणि त्यावरच्या खेकड्याचे पाय नखाने मोजले.

"दहाच्या दहा हायेत, काकाजी. काढणाऱ्यानं खेकडा नीट पाह्यला हाय."

"ते परदेशातले आहे, परत द्या. लोक मला लबाड म्हणतील."

"म्हणू द्या. मी तं नाही म्हणत ना?"

माझे पाच रुपये त्यांनी घेतलेच नाहीत. नाणे बटव्यात ठेवता ठेवता त्या थांबल्या.

"तिकडची मासेवाली बाई खेकडा विकून खेकडाच घेत असन का हो?"

वैशाली नगरातल्या प्रत्येक आरोपाला माझ्याजवळ उत्तर आहे. हा प्रश्न मात्र मी घरी जाऊन पुतण्याला विचारला.